मोटार घरूनच चालू झाली, डीपीचे काय?

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा आज हळदीचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि सेनगाव या पाचही तालुक्यांत हळद आहे आणि वसमतच्या हळदीला २०२४मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. हळदीच्या भावाची चर्चा बारमाही चालते, तिच्या पाण्यामागच्या विजेची फारशी होत नाही. हळद मे-जूनमध्ये लागते आणि जानेवारीअखेरीपासून मार्चपर्यंत निघते. पाऊस परतल्यापासून काढणीआधी पाणी तोडेपर्यंतचा, म्हणजे कंद पोसण्याचा सगळा काळ, उपसलेल्या पाण्यावर जातो. नेमक्या याच महिन्यांत गहू आणि हरभराही पाणी मागतात. येलदरी, सिद्धेश्वर, इसापूर ही धरणे भरली, विहिरी तुडुंब झाल्या, तरी वाफ्यापर्यंत पाणी पोचते ते थ्री-फेज मोटारीने. आणि मोटार चालते ती लाईन येईल तेव्हा. कृषी फीडरला दिवसा आठ तास किंवा रात्री आठ ते दहा तास, अशी चक्राकार पद्धत महाराष्ट्रात वर्षानुवर्षे चालत आली. ज्या आठवड्यात रात्रपाळी, त्या आठवड्यात बॅटरी आणि काठी घेऊन विहिरीवर जाणे हा शेतकऱ्याच्या कामाचाच भाग होऊन बसला.

या रात्रीच्या खेपेवर उतारा म्हणून मोबाईल स्टार्टर आला. स्टार्टरच्या पेटीला जोडलेला एक लहान डबा, त्यात एक सिमकार्ड, वर एक अँटेना. घरून फोन लावायचा, ठरलेला आकडा दाबायचा, मोटार चालू. पुन्हा फोन, मोटार बंद. या कल्पनेचे श्रेय मोठ्या प्रमाणात महाराष्ट्राकडे जाते. पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ हे उपकरण तयार केले आणि २००९मध्ये नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत त्याला पुरस्कार मिळाला. पंप चालू-बंद करण्यासाठी आजोबांना करावी लागणारी पायपीट ही त्यांच्या शोधामागची प्रेरणा होती. पुढे बंगळुरूचे ‘किसान राजा’ आले, मग अनेक कंपन्या आल्या, आणि आता तालुक्याच्या गावी मोटार दुरुस्तीच्या दुकानातही असे डबे मिळतात. काही मिस्डकॉलवर चालतात, काही संदेशावर, काही अ‍ॅपवर. तत्त्व सगळ्यांचे एकच: खटक्यावरचा हात विहिरीवरून घरी आणणे.

या सोयीचे मोल कमी लेखणे हा शेतकऱ्यावर अन्याय होईल. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली असा अंदाज २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने मांडला. त्यांतली बहुसंख्य खेड्यांतली होती. निम्मे मृत्यू पावसाळ्याच्या चार महिन्यांतले असल्यामुळे रब्बीतली रात्रीची खेप टळली म्हणून हा प्रश्न संपणार नाही, हे खरे. तरीही अंधारात बांधावरून जाणारे पाऊल टळले की एक धोका टळतोच. दुसरा धोका खुद्द पेटीचा. ओली जमीन, अनवाणी किंवा ओल्या पायांचा माणूस, अर्थिंग नसलेली लोखंडी पेटी आणि आत उघडी टोके, हे चित्र महाराष्ट्राच्या कोणत्याही शिवारात दिसते. विजेच्या धक्क्याने देशात दरवर्षी बारा हजारांच्या आसपास माणसे जातात. शिवाय मोटार नदीकाठी आणि शेत दोन-तीन किलोमीटरवर असेल, घरी म्हातारी माणसे किंवा एकटी बाई शेत पाहत असेल, तर हा डबा चैन उरत नाही. माणसाचा जीव आणि झोप वाचवणारी वस्तू म्हणून त्याचे स्वागत व्हायलाच हवे.

माझा मुद्दा याच्या पुढे सुरू होतो. मोबाईल स्टार्टर विकला जातो तो मोटार चालू करण्याचे साधन म्हणून, आणि बसवलाही जातो तसाच. त्याचे खरे सामर्थ्य मात्र मोटार वेळेवर बंद करण्यात आणि अयोग्य क्षणी ती चालू होऊ न देण्यात आहे. आणि तो क्षण योग्य की अयोग्य, हे एकट्या शेतकऱ्याच्या पेटीवरून कळत नाही, ते डीपीवरून, म्हणजे शिवारातल्या सामाईक रोहित्रावरून, ठरते. एका रोहित्रावरचे दहा-बारा शेतकरी एकत्र बसून ठरवत नाहीत तोवर हे उपकरण प्रत्येकाची सोय करील आणि सगळ्यांची मिळून गैरसोय करील. हे म्हणणे पटवण्यासाठी आधी त्याच्या थोरल्या भावंडाची, म्हणजे साध्या ऑटो स्विचची, हकिकत पाहावी लागेल.

ऑटो स्विच ही गावोगावची जुनी ओळखीची वस्तू. मोटार ‘ऑटोवर टाकली’ की लाईन येताच ती आपोआप सुरू होते, माणसाने तिथे असण्याची गरज नाही. महावितरण दर रब्बीत शेतकऱ्यांना आवाहन करते की ऑटो स्विच काढा आणि कॅपॅसिटर बसवा. अनेकांना ही कंपनीची कटकट वाटते, पण आकडेमोड केली तर कंपनीचे म्हणणे खरे ठरते. पाच अश्वशक्तीची साधारण मोटार घ्या. तिची कार्यक्षमता पंच्याहत्तर टक्के आणि पॉवर फॅक्टर ०.८ धरला, तर ती रोहित्रावर सुमारे ६.२ केव्हीए भार टाकते आणि प्रत्येक फेजमधून साडेआठ अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते. अशा दहा मोटारी म्हणजे ६२ केव्हीए. आपल्याकडे शिवारात सर्रास दिसणारे रोहित्र ६३ केव्हीएचे असते. म्हणजे सगळे सुरळीत चालू असतानाही ते काठोकाठ भरलेले आहे. थेट स्टार्टरवरची मोटार मात्र सुरू होताना काही सेकंद नेहमीच्या सहापट प्रवाह ओढते. दहाही मोटारी ऑटोवर असतील आणि लाईन एकदम आली, तर जिथे सत्त्याऐंशी अँपिअर सोसण्याची ताकद आहे तिथे पाचशेची मागणी एका क्षणात येते.

पुढे काय होते ते प्रत्येक गावाला पाठ आहे. एवढी मागणी आली की विजेचा दाब खाली बसतो. दाब कमी म्हणून मोटारींना वेग घेता येत नाही, वेग येत नाही म्हणून त्या जास्तीचा प्रवाह अधिक वेळ ओढत राहतात, आणि मोटारींची व रोहित्राची वाइंडिंग तापते. डीपीच्या पेटीत योग्य मापाची फ्यूज तार असती तर तिने वितळून सगळ्यांना वाचवले असते. पण वारंवार फ्यूज जातो म्हणून तिथे जाड तार गुंडाळलेली असते, आणि मग वितळायचे काम रोहित्रालाच करावे लागते. राज्य वीज नियामक आयोगाच्या निकषांप्रमाणे ग्रामीण भागात जळालेले रोहित्र ४८ तासांत बदलून मिळायला हवे. ते वेळेत मिळाले असे धरले, तरी त्या दोन दिवसांत ज्याची पाळी होती त्याची पाळी गेली, आणि वेळेत नाही मिळाले तर हलक्या जमिनीतले पीक माना टाकते. जळालेल्या मोटारीचे रिवाइंडिंग, ती विहिरीतून काढण्याची मजुरी, गाडीभाडे हा खर्च वेगळाच, आणि तो कुठल्याही वीजबिलात दिसत नाही.

आता मोबाईल स्टार्टरकडे वळू. बाजारातल्या बहुतेक डब्यांत ‘ऑटो’ ही सोय असतेच. फोन करून मोटार चालू करण्याऐवजी शेतकरी ती एकदा ऑटोवर टाकतो आणि विसरतो. म्हणजे महागडे उपकरण घेऊन तो जुन्या ऑटो स्विचवरच परत आला. ऑटो न वापरणाऱ्यांचेही तसेच. लाईन आल्याचा संदेश दहाही फोनवर एकाच मिनिटाला येतो आणि दहाही जण त्याच मिनिटाला चालू करण्याचा फोन लावतात. पूर्वी निदान एकाची विहीर जवळ, दुसऱ्याची लांब, एक लवकर उठे, दुसरा उशिरा उठे, यामुळे मोटारी मागे-पुढे सुरू होत. त्या पायपिटीत जीवाला धोका होता, पण रोहित्राला उसंत मिळत होती. सोय वाढली तशी ही उसंत गेली. ती परत मिळवायची तर पुन्हा पायपीट करायची गरज नाही, डब्यातच असलेली एक सेटिंग नीट लावायची आहे.

म्हणूनच हा डबा बसवण्याचे काम बारकाईने पाहण्यासारखे आहे. दुकानातला माणूस येतो, स्टार्टरच्या चालू बटणाला समांतर दोन तारा आणि बंद बटणाच्या ओळीत दोन तारा जोडतो, फोन लावून मोटार फिरवून दाखवतो आणि निघून जातो. अर्धे काम इथेच राहिलेले असते. पेटीला अर्थिंग आहे का, हे आधी पाहायला हवे. नसेल तर डब्याआधी त्याचा खर्च करावा. तिन्ही फेज आहेत का आणि त्यांचा क्रम बरोबर आहे का हे डबा तपासतो का, हे विचारून घ्यावे, कारण एक फेज गेली असताना घरून चालू केलेली मोटार जळू शकते आणि फेज उलटसुलट झाल्या तर पंप उलटा फिरतो. जुन्या माणसाला विहिरीवर मोटारीचा आवाज ऐकूनच फेज गेल्याचे कळायचे. घरी बसलेल्याला तो आवाज येत नाही, म्हणून ते काम उपकरणाला सांगून ठेवावे लागते.

मग येतो प्रवाह मोजण्याचा भाग. चांगल्या डब्यासोबत एक लहान कडे येते, त्यातून मोटारीची एक केबल ओवायची. त्यावरून डब्याला समजते की मोटार किती अँपिअर घेते आहे. विहीर भरलेली असताना, मोटार नेहमीच्या पाण्यावर चालवून तो आकडा आधी लिहून घ्यावा. समजा तो आठ आला. पंपात पाणी येईनासे झाले की मोटार रिकामी फिरते आणि हा आकडा झपाट्याने खाली येतो; म्हणून साडेपाचच्या खाली गेल्यास थांबव, अशी खालची मर्यादा लावायची. पंप अडकला किंवा विजेचा दाब बसला की आकडा चढतो. म्हणून दहाच्या वर गेल्यास थांबव, अशी वरची. कारखान्यातून आलेल्या आकड्यांवर विसंबू नये, कारण ते कुणाच्याच विहिरीचे नसतात. हळदीच्या शेवटच्या पाण्यांच्या वेळी विहिरी तळाला जातात, आणि तेव्हा हीच खालची मर्यादा सबमर्सिबल वाचवते.

एक बारीक पण मोलाची गोष्ट उत्तराची. फोनवर ‘मोटार चालू’ असा निरोप आला म्हणून मोटार चालू झाली असे समजू नये. स्वस्त डबा फक्त आतला रिले टकटकला की निरोप पाठवतो. पुढे स्टार्टर ओढला गेला का, मोटारीतून प्रवाह वाहू लागला का, हे त्याला माहीतच नसते. चांगला डबा प्रवाह मोजून मगच उत्तर देतो. विकत घेताना हाच प्रश्न विचारावा: हा डबा हुकूम पोचल्याचे सांगतो की काम झाल्याचे? सिमचेही तसेच. अनेक जुने डबे टूजी नेटवर्कवर चालतात, आणि जिओचे जाळे पहिल्या दिवसापासून फोरजीचे असल्याने ते सिम तिथे बोलतच नाही. रिचार्जची मुदत संपली तर ऐन पाळीच्या रात्री डबा बहिरा होतो. दुकानातून आलेला सांकेतिक आकडा तसाच ठेवला, तर तो ठाऊक असलेला कुणीही तुमची मोटार फिरवू शकतो; म्हणून तो बदलावा आणि घरच्याच दोन-तीन क्रमांकांना परवानगी द्यावी. आणि सगळ्यात महत्त्वाचे: मोटारीला, केबलला किंवा पंपाला हात लावण्याआधी मुख्य खटका पाडून फ्यूजचे किटकॅट काढून खिशात ठेवावे. पूर्वी मोटार फक्त पेटीसमोरचा माणूस चालू करू शके. आता ती दहा किलोमीटरवरून चालू होते, आणि चालू करणाऱ्याला समोर कोण काम करतो आहे ते दिसत नाही.

आता त्या विसरलेल्या सेटिंगबद्दल. लाईन आल्यानंतर किती वेळाने मोटार सुरू करायची, हा विलंब जवळपास प्रत्येक बऱ्या डब्यात ठरवता येतो. पहिली दोन मिनिटे कुणीच सुरू करू नये, कारण लाईन स्थिर व्हायला आणि पाइपलाइनमधले परत घसरणारे पाणी थांबायला तेवढा वेळ हवा. उलट फिरत असलेला पंप सुरू केला तर शाफ्टवर ताण येतो. त्यानंतर पहिल्या क्रमांकाची मोटार, तीस सेकंदांनी दुसरी, आणखी तीस सेकंदांनी तिसरी. दहावी मोटार साडेसहा मिनिटांनी सुरू होईल. एक मोटार वेग घेईपर्यंत दुसरी वाट पाहते, आणि शेवटची सुरू होताना रोहित्रावर सव्वाशे-एकशे तीस अँपिअरचा भार काही सेकंदांपुरता येतो. पाचशेच्या जागी एकशे तीस, तोही क्षणभर. एवढे रोहित्र सोसते. याच्या जोडीला प्रत्येक पाच अश्वशक्तीच्या मोटारीला दोन केव्हीएआरचा कॅपॅसिटर बसवला, तर दहा मोटारींचा चालू भार ६२वरून ५३ केव्हीएच्या आसपास उतरतो. दोन्ही उपाय मिळून खर्च फार नाही. लागतो तो दहा जणांचा होकार.

यावर पहिला आक्षेप वेळेचा. विजेची पाळी आठ तासांची, त्यातली मिनिटे का घालवायची? साडेसहा मिनिटे म्हणजे आठ तासांच्या दीड टक्क्याहूनही कमी. पण एका रात्रीत लाईन सहा वेळा गेली-आली तर शेवटच्याचे चाळीस मिनिटांपर्यंत नुकसान होते, हे मान्य करायला हवे. त्याला दोन उत्तरे आहेत. एक, लाईन पुन्हा पुन्हा जाण्याच्या कारणांपैकी एक ठळक कारण सगळ्या मोटारींचा एकदम पडणारा भारच असतो. क्रम लागला की ते कारण तरी निघून जाते. दुसरे, क्रम दर आठवड्याला फिरवता येतो; या आठवड्यातला दहावा पुढच्या आठवड्यात पहिला. आणि या मिनिटांची तुलना जळालेल्या डीपीच्या दोन दिवसांशी करावी.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: गावात एकमत होत नाही, डीपीवर कोण कुणाचे ऐकणार? हा आक्षेप अनुभवातून येतो, पण महाराष्ट्राचा इतिहास त्याला पूर्ण दुजोरा देत नाही. धुळे-नाशिक भागात पांझरेसारख्या नद्यांवर फड पद्धतीने शेतकऱ्यांनी शतकानुशतके पाण्याच्या पाळ्या आपापसांत ठरवल्या आणि पाळल्या. कालव्यांच्या पाण्यासाठी २००५च्या कायद्याने पाणी वापर संस्थांना अधिकार दिले. त्या सगळीकडे यशस्वी झाल्या नाहीत, पण जिथे झाल्या तिथे पाळीला शिस्त आली. डीपीवरचा करार तर याहून सोपा आहे. इथे कुणाला कमी पाणी घ्यायचे नाही, कुणाची जमीन वगळायची नाही. फक्त चालू होण्याचा क्षण वेगळा करायचा आहे, आणि तो एकदा डब्यात टाकला की रोज कुणी कुणाचे ऐकण्याचीही गरज उरत नाही. एकाने मोडलेच तर डीपीवरच्या भाराचा झटका सांगून जातो की कुणीतरी क्रमाबाहेर आहे. पाळी मोडणाऱ्याला जाब विचारणे गावाला नवे नाही.

तिसरा आक्षेप सौरऊर्जेचा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७मध्ये आली, तिचा दुसरा टप्पा २०२३मध्ये सुरू झाला, आणि कृषी फीडर सौर प्रकल्पांवर टाकून शेतकऱ्याला दिवसा वीज द्यायची हे तिचे उद्दिष्ट आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत दहा टक्के हिश्श्यात, अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच टक्क्यांत, स्वतंत्र सौर पंप मिळतो. दिवसा वीज आली की रात्रीची खेपच संपली, मग मोबाईल स्टार्टर हवा कशाला? दिवसा वीज हा शेतकऱ्याचा हक्क आहे आणि रात्रीच्या जीवघेण्या पाळीवरचा तोच खरा उपाय आहे; त्यात दुमत नाही. पण सौर वाहिनीवरची वीजही त्याच डीपीतून येते. सकाळी लाईन आली की त्याच दहा मोटारी एकदम सुरू होणार, आणि आता आठवड्याआड नव्हे तर रोज. उलट सगळ्या फीडरना दिवसाचेच तास मिळू लागले की उपकेंद्रावरही तोच ताण एकाच वेळी येईल. रात्रीची खेप संपल्याने या डब्याचे जुने कारण संपेल, डीपीचे कारण अधिक पक्के होईल. स्वतंत्र सौर पंपाचा प्रश्न मात्र खरोखर वेगळा आहे. तिथे डीपी नाही, आणि दूरवरून निगराणी करण्याची सोय त्या पंपांच्या कंट्रोलरमध्येच दिलेली असते.

चौथा आक्षेप पाण्याच्या बाजूने येतो, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. मोटार चालू करणे इतके सोपे झाले तर उपसा वाढणार नाही का? मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत एप्रिल २०२४पासून पाच वर्षे साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना बिल नाही. राज्यातले सुमारे ४४ लाख शेतकरी त्यात येतात. पाच अश्वशक्तीची मोटार तासाला साधारण पाच युनिट घेते. ती रोज दोन तास विसरून चालू राहिली तर साठ दिवसांत सहाशे युनिट जातात, आणि ते शेतकऱ्याच्या बिलात कुठेच उमटत नाहीत. पाट-पाण्याच्या शेतात दारे धरायला माणूस लागतोच. घरून मोटार चालू करून झोपले तर पाणी एका वाफ्यात साचते, शेजारच्याच्या बांधाला लागते, आणि हळदीत साचलेले पाणी म्हणजे कंदकुजीला आमंत्रण. म्हणून दूरनियंत्रण हे ठिबकचे जोडीदार आहे, पाटाचे नाही, असे माझे ठाम मत आहे. गादीवाफ्यावर ठिबक असेल तर ठरलेल्या वेळेनंतर मोटार आपोआप बंद करणारी घड्याळाची सोय पाणी आणि वीज दोन्ही वाचवते. उपकरण तेच, ज्याने ‘किती वेळ’ हे आधी ठरवले त्याचा उपसा कमी होतो, ज्याने नाही ठरवले त्याचा वाढतो. अनुदान द्यायचेच असेल तर ते ठिबक असलेल्या शेतकऱ्याच्या, विलंब आणि वेळमर्यादा असलेल्या उपकरणाला द्यावे.

शेवटची शंका सत्तेची. आज शेतकरी घरून मोटार चालवतो. उद्या वीज कंपनीच दूरवरून ती बंद करू लागली तर? शंका अवास्तव नाही, कारण तंत्र तेच आहे. अमेरिकेतील आयडाहो राज्यात वीज कंपनी उन्हाळ्याच्या टंचाईच्या दिवसांत शेतकऱ्यांचे पंप काही तास दूरवरून बंद करते, पण त्यासाठी शेतकऱ्याने आधी स्वखुशीने नाव नोंदवलेले असते आणि त्याला मोबदला मिळतो. तिथून घेण्यासारखी गोष्ट हीच: संमती आणि मोबदला नसेल तर खटका शेतकऱ्याच्याच हाती राहावा. आणि तो तसा राहायचा असेल, तर शेतकऱ्यांनीच डीपीवर शिस्त लावणे हा त्याचा सगळ्यात भक्कम आधार आहे. आपला भार आपण सांभाळणाऱ्या गटावर बाहेरून हात ठेवायला कुणाला निमित्त उरत नाही.

महावितरणनेही आपले आवाहन बदलायला हवे. ‘ऑटो काढा’ हे सांगणे बरोबर असले तरी अपुरे आहे. रात्री दोनला लाईन देऊन ऑटो वापरू नका म्हणणे शेतकऱ्याला न्याय्य वाटणार नाही, आणि ते त्याने ऐकलेलेही नाही. त्याऐवजी ‘विलंब लावा’ हे सांगावे. नांदेड परिमंडळातल्या हिंगोली मंडळाने हळदीच्या पट्ट्यातल्या अतिभारित रोहित्रांपासून सुरुवात करावी: प्रत्येक डीपीच्या पेटीवर मोटारींची क्रमवारी रंगवावी, योग्य मापाची फ्यूज तार बसवावी, आणि जो गट क्रम पाळेल त्याच्या रोहित्राच्या क्षमतावाढीला प्राधान्य द्यावे. विक्रेत्यांनी विलंब आणि प्रवाहाच्या मर्यादा लावल्याशिवाय डबा बसवून झाला असे म्हणू नये. यातले काहीही नव्या कायद्याची वाट पाहत नाही.

हा अंक हातात येईल तेव्हा रब्बीची पहिली पाणी सुरू झालेली असतील आणि हळदीचे कंद भरू लागलेले असतील. आपल्या डीपीवर किती मोटारी आहेत, त्यांतल्या किती ऑटोवर आहेत आणि रोहित्र किती केव्हीएचे आहे, एवढ्या तीन गोष्टी आधी लिहून काढा. मग त्या डीपीवरच्या सगळ्यांना एका संध्याकाळी एकत्र बोलवा, क्रम ठरवा आणि त्याच बैठकीत प्रत्येकाच्या डब्यात तो टाकून घ्या. ज्यांच्याकडे अजून डबा नाही त्यांना क्रमाचा शेवटचा आकडा देऊ नका, त्यांनाही बरोबरीने धरा. त्यांची मोटारही त्याच रोहित्रावर आहे.